बी-३०४ च्या काकांबद्दल (बी विंग ग्रुप, इंदिरानगर, नाशिक)

सेक्रेटरी काका: काल रात्री ३ वाजता बी-३०४ चे काका गेटवर आले होते. वॉचमनला म्हणाले, "गेट उघड, प्रेसची बस चुकेल." घरी सगळं ठीक आहे ना?

सी-१०२: संध्याकाळी जास्त झाली असेल 🙏

बी-३०४: दादा, बाबांनी आयुष्यात कधी दारूला हात लावलेला नाही. त्यांना सिरोसिस आहे, लिव्हरचा आजार. २० वर्षांची शुगर, त्यातून फॅटी लिव्हर, आणि त्यातून हे. आतड्यात तयार होणारा विषारी अमोनिया लिव्हर साफ करतं. बाबांचं लिव्हर आता आक्रसून कडक झालंय, म्हणून तो रक्तातून मेंदूपर्यंत जातो. मग दिवसा झोप, रात्री जाग, बोलण्यात गोंधळ. हात पुढे धरायला सांगितलं की पंजे फडफडतात. नोट प्रेसमधून रिटायर होऊन १० वर्षं झाली, पण काल त्यांच्यासाठी पहिली पाळी होती. दोन दिवस पोट साफ नव्हतं, तेवढं पुरलं.

ए-२०१ काकू: अगं, आम्ही आपले म्हणायचो, पोट किती सुटलंय.

बी-३०४: ते पाणी आहे काकू. कडक लिव्हरमधून रक्त नीट पुढे सरकत नाही, मागे दाब वाढतो, अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रोटीनही कमी पडतं. पोटात पाणी, पायाला सूज, आणि दंड बघा, नुसती हाडं राहिलीत. त्याच दाबाने अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. मार्चमध्ये त्यातून रक्त जाऊन डांबरासारखी काळी शी झाली तेव्हा कळलं. एन्डोस्कोपी करून त्या शिरांना बँड लावले.

सी-१०२: ताई, चुकलो. माफ करा.

ए-२०१ काकू: गुळवेलीचा काढा देते पाठवून.

बी-३०४: नको काकू, प्लीज. गुळवेलीने लिव्हरला इजा झालेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेत. अंगदुखीच्या, झोपेच्या गोळ्याही मनाने द्यायच्या नाहीत. मिठामुळे लोणचं, पापड, चिवडा बंद. वरण, अंडं, पनीर मात्र हवंच, आणि रात्री झोपताना थोडी खिचडी. उपाशी ठेवलं की अंग आणखी झडतं.

सेक्रेटरी काका: वॉचमनला काय सांगू?

बी-३०४: वाद घालू नका म्हणावं. खुर्चीवर बसवा, मला फोन करा. रक्ताची उलटी दिसली तर आधी १०८.

सी-१०२: माझी गाडी खालीच असते. रात्री कधीही बेल मारा.

ए-२०१ काकू: आता कसे आहेत गं?

बी-३०४: लॅक्टुलोज दिलं, पोट साफ व्हायचं औषध. सकाळपासून तीनदा जाऊन आले. आत्ता मला नावाने हाक मारली, म्हणाले, चहा टाक.