२० टक्के कपात, मग २० टक्के वाढ. तरी पगार कमीच?

प्रश्न: पगार ३०,००० होता. २०% कापून २४,००० केला, आता २०% वाढवून २८,८०० दिला. एचआर म्हणतं हिशेब बरोबर आहे. १,२०० गेले कुठे?

उत्तर १: हिशेब बरोबर, पण पगार पूर्ववत झालेला नाही. कपात ३०,०००वर होती, वाढ २४,०००वर. मूळ आकडा गाठायला ६,००० ÷ २४,००० × १०० = २५% वाढ लागते. १०% कपातीला ११.११%, ५०% कपातीला थेट १००%. पत्रात टक्का नको, रक्कम लिहून मागा.

उत्तर २: आणि फक्त बेसिक (भत्त्यांशिवायचा मूळ पगार) वाढवलंय की ग्रॉस (भत्ते धरून, कपातीआधीचा एकूण पगार), तेही बघा. बेसिक वाढलं की पीएफची १२% कपातही वाढते, त्यामुळे हातात येणारी वाढ वेगळीच दिसते.

उत्तर ३: महागाई भत्त्यातही हाच घोळ. जुलै २०२४ पासून केंद्राचा भत्ता ५०चा ५३% झाला. लोक म्हणाले, पगार ३% वाढला! बेसिक ४०,००० धरा: बेसिक अधिक भत्ता ६०,०००चे ६१,२०० झाले. म्हणजे वाढ २%च. भत्ता बेसिकवर मोजतात, एकूण पगारावर नाही.

प्रश्नकर्ता: म्हणजे २४,०००वर आणखी ५% मागायचे?

उत्तर १: हो. २८,८००वर मागाल तर ४.१७% म्हणा.