टाइप-सी पोर्ट सैल झालंय, बोर्डाचे २८,५०० सांगतात. इंदूरमध्ये दुसरा मार्ग आहे का?

पलासियाकर
लॅपटॉप टाइप-सीवरच चार्ज होतो, गोल पिनचं भोक नाही. वॉरंटी संपून चार महिने झाले. वायर लावली की डुगडुगते, वर उचलून धरली तरच दिवा लागतो. ६५ वॅटचा चार्जर दुसऱ्या लॅपटॉपवर नीट चालतो. सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, पोर्ट मदरबोर्डावरच आहे, आख्खा बोर्ड बदला, २८,५००. सिल्व्हर मॉलमध्ये एकाने न उघडताच १,८०० म्हटले, दुसऱ्याने ४,०००. एवढा फरक कशाचा? आणि उघडण्याआधी घरी काय तपासता येईल?

फ्लक्सवाला
फरक कामाच्या पद्धतीचा आहे. सेंटरवाले सुटा पार्ट बदलतात, आणि त्यांच्या यादीत बोर्ड हाच एक पार्ट असतो. बाजारात 'चिप लेव्हल' म्हणतात ते काम म्हणजे बोर्डावरचं पोर्ट उचलून नवं बसवणं. पोर्टची किंमत किरकोळ असते, पैसे हाताचे असतात.

आधी लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून पोर्टमध्ये टॉर्च मारा. तळाशी कापसासारखा मळ दाबून बसलेला असतो, त्यामुळे पिन पूर्ण आत जात नाही आणि पोर्ट सैल वाटतं. लाकडी टूथपिकने कडेकडेने काढा. सुई, टाचणी अजिबात नको, मधली जीभ पातळ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना मिळून २४ संपर्क असतात.

मग व्होल्ट आणि अँपिअर दाखवणारा टाइप-सीचा छोटा मीटर चार्जर आणि लॅपटॉपच्या मध्ये लावा. आधी वायर सरळ, मग उलटी करून, दोन्ही वेळा आकडा लिहून घ्या. ० व्होल्ट दिसलं तर चार्जरला लॅपटॉप लागलाय हेच कळत नाहीये, म्हणजे सीसी नावाचा संपर्क तुटलाय. टाइप-सी चार्जर त्या संपर्कावर ५.१ किलोओहमचा रेझिस्टर दिसल्याशिवाय वीज सोडतच नाही. ५ व्होल्टवर अडकलं तर किती व्होल्ट द्यायचे याची चार्जर आणि लॅपटॉपची बोलणी फिसकटतायत. २० व्होल्ट येऊनही बॅटरी कमी असताना करंट शून्याजवळ राहिला, तर दोष पोर्टच्या पुढे चार्जिंगच्या सर्किटमध्ये असण्याची शक्यता जास्त. तिथे पोर्ट बदलून काही होणार नाही.

आरएनटी_मार्ग
मीटरच्या आधी फुकटचं काम करा, दादा. डेल, एचपी, लेनोवो आपापल्या साइटवर मॉडेलप्रमाणे सर्व्हिस मॅन्युअल ठेवतात. त्यात सुट्या पार्टच्या पानावर 'आयओ बोर्ड' वेगळा दिसतोय का बघा. काही मॉडेलमध्ये पोर्ट छोट्या वेगळ्या बोर्डावर असतं, पट्टीसारख्या केबलने जोडलेलं. तसं असेल तर स्क्रू आणि केबल, सोल्डरिंगची गरजच नाही. दुसरं टाइप-सी असेल तर त्यावरही चार्जर लावून बघा, बऱ्याच मॉडेलवर दोन्हीकडून चार्ज होतं.

आणि हो, ६५ वॅट म्हणजे २० व्होल्टला ३.२५ अँपिअर. ३ अँपिअरच्या वर चिपवाली केबल लागते. साध्या केबलवर चार्जर ६० वॅटच देतो. स्क्रीनवर 'स्लो चार्जर' आलं तर लगेच पोर्टला दोष देऊ नका.

पलासियाकर
मळ काढला, थोडाच निघाला. आयओ बोर्ड वेगळा नाही, पोर्टही एकच. मीटरवर: वायर एका बाजूने लावली की २० व्होल्ट, २.६ अँपिअर. उलटी केली की ०.

फ्लक्सवाला
मग बोर्ड बदलायचा विषयच संपला. एका बाजूने पूर्ण करंट घेतोय म्हणजे चार्जिंगचं सर्किट ठणठणीत आहे. पोर्टमध्ये सीसीचे संपर्क दोन, सरळ वायरीसाठी एक, उलटीसाठी दुसरा. त्यातला एक गेलाय, आणि डुगडुग आहे म्हणजे पत्र्याच्या कवचाच्या पायांचं सोल्डरही तडकलेलं असणार. आता वायर वर धरून चालवत राहू नका. पाय सुटले की सगळा जोर बारीक पॅडवर, म्हणजे संपर्क ज्यांवर सोल्डर केलेत त्या बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्यांवर येतो, पॅड उखडले की त्यांच्या जागी बारीक जंपर वायर ओढावी लागते आणि मग खर्च खरंच वाढतो.

१,८०० वाल्याला एवढंच विचारा: खालून प्रीहीटर लावता का? कवचाचे पाय बोर्डाच्या ग्राउंड थरात गेलेले असतात, तो थर उष्णता पिऊन टाकतो. बोर्ड खालून शे-दीडशे अंशांपर्यंत तापवला नाही तर वरून हॉट एअर जास्त मारावी लागते, शेजारचं प्लास्टिक वितळतं आणि ओढताना पॅड निघतात. 'नुसतं पायांना सोल्डर मारून देतो' म्हणाला तर उठा. डुगडुग थांबेल, पण सीसी तसाच राहील. काम झाल्यावर पोर्टचा मायक्रोस्कोपखाली फोटो मागा, जुनं पोर्ट परत घ्या, आणि पैसे देण्याआधी तोच मीटर दोन्ही बाजूंनी लावा.

राऊकर
द्यायच्या आधी बॅकअप, भिया! विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बोर्डाला हात लागला की ती मागितली जाऊ शकते. एसएसडी (डेटा असतो ती डिस्क) सुटी असेल तर काढून घरीच ठेवा, पोर्टच्या कामाला ती लागत नाही.

दुरुस्तीनंतर मॅग्नेटवाला अडॅप्टर लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. चुंबक तिरका सुटला की २० व्होल्टची पिन शेजारच्या सीसीला टेकू शकते. आज पोर्ट गेलंय, उद्या कंट्रोलर चिप जाईल.

पलासियाकर
प्रीहीटर ४,००० वाल्याकडे आहे, १,८०० वाल्याकडे नाही. पोर्ट, काम आणि ९० दिवसांची गॅरंटी मिळून ३,२०० वर आला. एसएसडी काढून घेतली, लॅपटॉप उद्या देतोय.