मार्केटिंग रिपोर्टचा डेटा आपोआप शीटमध्ये कसा आणायचा?

जुळे_सोलापूरकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी, आमची छोटी डिजिटल मार्केटिंग एजन्सी आहे सोलापुरात, क्लायंट म्हणजे चादर-टॉवेलवाले, युनिफॉर्मवाले आणि एक शेंगा चटणीवाले. दर सोमवारी मेटा (फेसबुक-इन्स्टाच्या जाहिराती), गूगल अ‍ॅड्स, जीए४ (वेबसाइटवर कोण आलं, काय केलं ते मोजणारं गूगल अ‍ॅनालिटिक्स) आणि सर्च कन्सोल (गूगल सर्चमध्ये साइट कशी दिसते ते सांगणारं) चारही उघडायचं, सीएसव्ही (आकड्यांची फाइल) डाउनलोड करायची, एक्सेलमध्ये चिकटवायची, यातच दुपार होते. आमच्याकडे एक मुलगी आहे, तिला जाहिरातीची नजर फार चांगली आहे, कुठला फोटो चालेल ते बरोबर सांगते, पण तिचा सोमवार नुसता कॉपी-पेस्टमध्ये जातो आणि मला ते बघवत नाही. आता शाळांच्या युनिफॉर्मचा सीझन तोंडावर आलाय. डॉलरमधली टूल्स परवडत नाहीत. एकजण म्हणतोय की लॉगिन करून आकडे उचलणारा बॉट बनवून देतो, तो घ्यावा का?

शीट_आणि_स्क्रिप्ट

बॉट अजिबात नको. क्लायंटचा पासवर्ड बॉटच्या हातात द्यायचा, मेटाला संशय आला की अकाउंट लॉक, आणि ऐन सीझनमध्ये त्यांच्या जाहिराती बंद! शिवाय स्क्रीनवरचं एखादं बटण हललं की बॉट पडतोच. सरळ एपीआयचा रस्ता धरा, म्हणजे कंपनीनंच प्रोग्रामला डेटा मागायला दिलेलं अधिकृत दार.

सोपं आधी उरका. गूगल अ‍ॅड्समध्ये रिपोर्ट शेड्युल करून थेट गूगल शीटमध्ये पाठवता येतो, फुकट. जीए४ साठी अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये (गूगल शीटला जोडून छोटे प्रोग्राम लिहायची सोय) अ‍ॅनालिटिक्स डेटा एपीआय चालू करा आणि रोज पहाटेचा ट्रिगर लावा, म्हणजे स्क्रिप्ट ठरल्या वेळी आपोआप चालेल. सर्च कन्सोललाही एपीआय आहे, नुसतं बघायचं असेल तर लुकर स्टुडिओला (गूगलचं डॅशबोर्ड बनवायचं टूल) जीए४ आणि सर्च कन्सोल दोन्ही फुकट जोडता येतात. मेटाला जरा वेळ लागेल, तिथं मार्केटिंग एपीआयचं इनसाइट्स (जाहिरातींचे आकडे देणारा भाग) वापरायचं आणि टोकन (पासवर्डऐवजी स्क्रिप्टला द्यायची चावी) मात्र बिझनेस सेटिंग्जमधून सिस्टम यूजरचं (माणसाचं नाही, प्रोग्रामसाठीचं खातं) काढा, कारण साध्या यूजरचं लाँग टोकन साधारण ६० दिवसांत संपतं आणि मग शीट गपचूप रिकामी राहते.

टेरी_टॉवेल

वरचं सगळं बरोबर आहे पण दादा, स्क्रिप्ट लिहायच्या आधी नावं सरळ करा ओ. एका लिंकच्या यूटीएममध्ये (लिंकच्या शेवटी जोडलेली, माणूस कुठून आला ते सांगणारी शेपटी) facebook ऐवजी कुणी 'फेसबुक' लिहिलं, कुणी 'एफबी', कुणी पहिलं अक्षर कॅपिटल टाकलं की जीए४ मध्ये त्या वेगवेगळ्या ओळी होतात, आणि ऑटोमेशन तो गोंधळ रोज इमानदारीनं गोळा करत बसतं. कॅम्पेनच्या नावाचा एक साचा ठरवा, क्लायंट-माल-शहर-महिना, आणि तो सगळ्यांनी पाळायचा.

दुसरं, आकडे जुळणार नाहीत, हे क्लायंटला आधीच सांगून ठेवा. मेटा डिफॉल्टनं क्लिकनंतर ७ दिवस आणि नुसती जाहिरात बघितल्यावर १ दिवस, इतक्यात झालेली विक्री जाहिरातीच्या नावावर धरतं, गूगल अ‍ॅड्स कन्व्हर्जन (विक्री, चौकशी वगैरे) क्लिकच्या तारखेला टाकतं, जीए४ घटना घडली त्या तारखेला. म्हणून रोज फक्त कालचा दिवस आणू नका, मागचे किमान ७ दिवस पुन्हा ओढा आणि जुन्या ओळी बदला, खाली जोडत गेलात तर डुप्लिकेट होतील. जीए४ ला पूर्ण व्हायला २४ ते ४८ तास लागतात आणि सर्च कन्सोलचे दिवस अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनं मोजले जातात, त्यामुळे सोमवारी सकाळी रविवारचा आकडा पक्का धरू नका. जमत असेल तर रिपोर्टच मंगळवार-बुधवारवर घ्या.

आणि हो, मेटाच्या खर्चात जीएसटी नसतो, बिलावर १८ टक्के लागतो. शीटमध्ये वेगळा कॉलम करा, नाहीतर शेठ दर महिन्याला तेच विचारणार.

गड्ड्याची_गर्दी

मला एक वेगळंच सांगायचंय. आपल्याकडं जानेवारीत गड्डा (सिद्धेश्वरांची जत्रा) असतो, नंतर युनिफॉर्मचा सीझन, मग दिवाळी. मागच्या महिन्याशी तुलना करून इथं काहीच कळत नाही, मागच्या वर्षाशीच करावी लागते. पण जीए४ च्या एक्सप्लोरेशनचा (स्वतः बनवायचे सविस्तर रिपोर्ट) डेटा डिफॉल्टनं २ महिनेच राहतो, सेटिंगमध्ये जाऊन १४ करा, आजच करा. सर्च कन्सोल १६ महिने ठेवतं. बिगक्वेरीला (गूगलचा मोठा डेटाबेस) जीए४ जोडता येतं, पण जोडल्या दिवसापासूनचाच डेटा येतो, मागचा मिळत नाही. म्हणून रोजचा आकडा स्वतःच्या शीटमध्ये साठवणं हेच खरं काम आहे, माझ्या मते वेळ वाचणं हा नंतरचा फायदा.

अजून एक, टॉवेलचा व्यापारी वेबसाइटवर ऑर्डर टाकत नाही, तो फोन करतो नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप. ते कुठल्याच एपीआयमध्ये येणार नाही. दुकानात फोन घेणाऱ्याला दोन प्रश्नांचा गूगल फॉर्म द्या, कुठून कळलं आणि कुठला माल हवा, बस. तो फॉर्म त्याच शीटला जोडा. हा कॉलम नसेल तर कितीही भारी डॅशबोर्ड केला तरी विक्री कुठून आली ते दिसणारच नाही.

जुळे_सोलापूरकर

फार आभार सगळ्यांचे. बॉटवाल्याला नाही सांगतो. १४ महिन्यांचं सेटिंग आत्ताच सगळ्या क्लायंटचं बदललं. आधी युनिफॉर्मवाल्यांचं गूगल अ‍ॅड्स आणि जीए४ लावतो, मेटा नंतर, आणि फोनचा फॉर्म चटणीवाल्यांकडं चालू करतो कारण त्यांच्याकडं काउंटरवर बसणाऱ्या काकू सगळं नीट लिहून ठेवतात. फक्त एक सांगा, स्क्रिप्ट रात्री पडली तर कळणार कसं?

शीट_आणि_स्क्रिप्ट

ट्रिगर लावताना फेल झाल्याचा मेल 'लगेच' वर ठेवा. शिवाय प्रत्येक टॅबच्या वर 'शेवटचं अपडेट' अशी तारीख स्क्रिप्टनंच लिहायची, ती जुनी झाली की सेल लाल. एक रन ६ मिनिटांच्या आत संपवावा लागतो, म्हणून सगळे क्लायंट एकाच फंक्शनमध्ये कोंबू नका, प्रत्येकाचा वेगळा ट्रिगर करा. मेटाला आलात की इथंच विचारा, परमिशनमध्ये अडकायला होतं तिथं.