सकाळी गारठा, दुपारी ऊन : कपड्यांचे थर कसे घालता? अनुभव सांगा

खणवेडी (पुणे)
फेब्रुवारीत पुण्यात सकाळी ११-१२ डिग्री आणि दुपारी ३१-३२, म्हणजे सातला घराबाहेर पडताना जे अंगावर हवंसं वाटतं तेच एक वाजता नको होतं. होळी जळाली थंडी पळाली म्हणतात, पण तोवरचे हे आठवडे मला कपड्यांसाठी वर्षातले सगळ्यात मस्त वाटतात, एरवी आपल्याकडे थरावर थर घालायला मिळतंच कुठे! माझं ठाम मत आहे की वरचा थर कितीही भारी असू दे, तो काढल्यावर आत जे दिसतं ते पण तेवढंच छान हवं, कारण अर्धा दिवस लोक तेच बघणार असतात. मी बारीक बुट्टीचा मलमलचा कुर्ता घालते, त्यावर खणाचं कमरेपर्यंतचं बिनबाह्यांचं जॅकेट आणि सकाळपुरता एक स्टोल. जॅकेट शिवताना टेलरला दोन गोष्टी नक्की सांगा. एक म्हणजे अस्तर सुतीच लावा, सॅटिनच्या अस्तरात दहा वाजताच घाम फुटतो. दुसरं म्हणजे जॅकेटचा मुंढा कुर्त्याच्या मुंढ्यापेक्षा अर्धा इंच तरी सैल ठेवा, नाहीतर आतली बाही काखेत गोळा होते आणि सगळा लूक जातो. खणाचा पन्हा लहान असतो त्यामुळे जोड येणारच, तो बाजूच्या शिवणीत घ्यायला सांगा म्हणजे काठ पुढे सरळ उतरतात.
तुम्ही काय करता? परदेशातल्यांनी पण लिहा प्लीज.

बागाईतदार (निफाड)
ताई, निफाडच्या थंडीचा आकडा तर दर हिवाळ्यात पेपरात येतोच. आम्हाला पहाटे गाडीवरून द्राक्षबागेत जायचं असतं आणि गाडीवर खरा त्रास वाऱ्याचा, थंडी त्याच्या मागून येते. नुसता जाड स्वेटर घातला तर वारा विणीतून आरपार जातो. म्हणून आत सुती शर्ट, त्यावर आईने विणलेला मोरपंखी हाफ स्वेटर, व्ही गळ्याचा, आणि सगळ्यात वर पातळ जर्किन, चेन गळ्यापर्यंत लावायची. जर्किन वारा अडवतं आणि स्वेटर अंगाची ऊब धरून ठेवतो. ऊन वर आलं की जर्किन डिकीत. शर्टाची कॉलर स्वेटरवर नीट काढली की त्याच कपड्यांवर बँकेत जाता येतं, कुणाकडे चहाला जाता येतं. आमच्याकडची तरुण पोरं आता काळं जर्किन सोडून मातकट, मेंदी असे रंग घ्यायला लागलीत, खूप छान दिसतं.

डोंबिवली फास्ट
मुंबईकरांना थंडी नाही असं कुणी म्हणू नका, आमची थंडी ऑफिसात असते!! बाहेर दमट हवा, लोकलमध्ये घाम, आणि आत गेलं की एसी डोक्यावर. लोकर तर विचारायलाच नको, प्लॅटफॉर्मवरच जीव जाईल. मी स्लीव्हलेस सुती टॉप घालून निघते आणि बॅगेत लिननचा मोठा शर्ट ठेवते, ऑफिसात तो बटणं न लावता जॅकेटसारखा घालायचा, बाह्या कोपरापर्यंत दुमडून. लिनन चुरगळतं हे खरंय पण घडी न घालता गुंडाळी करून ठेवलं तर कमी चुरगळतं. साडीच्या दिवशी पदर दोन्ही खांद्यांवरून घेते, वेगळी शाल नाही लागत.

लंडनहून
इथे ऑक्टोबरमध्ये रस्त्यावर आठ डिग्री, आणि खाली ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, सेंट्रल लाइनवर अक्षरशः उकडतं, जुने खोल बोगदे आहेत आणि डब्यांत एसी नाही. त्यात दिवाळीचे कार्यक्रम असतात आणि साडी तर नेसायचीच असते. मी ब्लाउजऐवजी काळा, अंगाला बसणारा पोलो नेक, म्हणजे गळा झाकणारा उंच गळ्याचा स्वेटर घालते, बारीक लोकरीचा, त्यावर इरकल नेसते. परकराच्या आत लोकरी लेगिंग. वर ट्रेंच कोट, पण उघडा ठेवायचा आणि पट्टा मागे बांधायचा म्हणजे निऱ्या आणि काठ दिसत राहतात. हॉलमध्ये हीटिंग असतं, कोट तिथे अडकवला की पोलो नेक आणि साडी हाच पूर्ण पोशाख, वर टेंपल ज्वेलरीचा मोठा हार. काळ्या पोलो नेकवर तो हार उघड्या गळ्यापेक्षा जास्त उठून दिसतो, बघाच एकदा करून. खणवेडी ताईंनी आतल्या थराचं जे लिहिलंय ते इथे शंभर टक्के लागू आहे.

रुंद बांध्याची एक
थर घातले की आणखी जाड दिसायला होतं म्हणून मी हे सगळं टाळतेच. काही उपाय आहे का कुणाकडे?

खणवेडी (पुणे)
आहे ना! आत कुर्ता आणि सलवार एकाच रंगाची घ्या आणि वर गुडघ्यापर्यंतचं, पुढून उघडं, पातळ जॅकेट. समोर दोन उभ्या कडा पडतात आणि मधे एकच रंग सलग दिसतो. कमरेवर संपणारं जॅकेट मात्र नको. कापड इकत किंवा साधी खादी चालेल, क्विल्टिंग केलेलं अजिबात नको, ते फुगतं. टाळू नका हो, आवडतंय तर नक्की घाला.

मेलबर्नकर
आमच्याकडे एका दिवसात चारही ऋतू होतात असं सगळेच म्हणतात आणि वसंतात ते रोज पटतं, म्हणजे इथला ऑक्टोबर-नोव्हेंबर. उत्तरेकडून वाळवंटाचा गरम वारा येत असतो आणि मग नैर्ऋत्येकडून थंड हवेचा पट्टा घुसतो की तासाभरात दहा डिग्री सुद्धा उतरतात, ट्रॅममध्ये चढताना घाम आणि उतरताना हुडहुडी. मी खाली मेरिनोचा, म्हणजे मेंढीच्या मऊ बारीक लोकरीचा पातळ टीशर्ट घालतो, कारण सुती कापड घामाने ओलं झालं की अंगाला चिकटून गार पडतं, मेरिनो ओलं झालं तरी ऊब सोडत नाही आणि वासही धरत नाही. त्यावर डेनिमचं जॅकेट आणि बॅगेत टोपीवालं पावसाळी जॅकेट, छत्री इथल्या वाऱ्यात उलटी होते. माझे बाबा आले होते तेव्हा ते फुल शर्टावर खादीची बंडी घालून फिरायचे आणि ट्रॅममध्ये लोक थांबवून विचारायचे हे कुठे मिळतं म्हणून. छाती उबदार, हात मोकळे, आणि खिसे चार! आता माझ्याकडेही एक आहे, करड्या रंगाची, डेनिमच्या जागी ती घालतो.

संत्रानगरी
नागपूरला फेब्रुवारी-मार्चमध्ये मधेच आभाळ येतं आणि गारपीट होते, एका दुपारीत हवा पार बदलून जाते. माझ्याकडे हिमरूची शाल आहे, छत्रपती संभाजीनगरला विणकराकडूनच घेतलेली, रेशीम आणि सुताची, त्यामुळे टोचत नाही आणि जड पण नाही. साध्या पांढऱ्या कुर्त्यावर एका खांद्यावर सोडायची, गार झालं की दोन्हीकडून लपेटायची. फक्त तिला पाऊस लागू देऊ नका आणि घरी धुऊ नका, ड्रायक्लीनच करा. बांगडी किंवा घड्याळाचा पट्टा अडकून मागचे धागे निघतात, म्हणून शाल घ्यायच्या दिवशी मी हात मोकळेच ठेवते.