प्रति: गुहागरहून गणपतीपुळे

गणपतीपुळ्याला जायला गुहागरहून परत चिपळूणला येऊन महामार्ग धरा, असं या चर्चेत वर कुणीतरी सुचवलंय. ते नाही पटलं. मग साताऱ्याहून कुंभार्ली घाट उतरून समुद्राकडे आलात तरी कशाला? सरळ वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला यायचं आणि गाडीसकट फेरीबोटीने जयगडला उतरायचं. खाडीचा वारा खात मिळालेली ती थोडीशी विश्रांती ड्रायव्हरला (म्हणजे मला) फार मोलाची वाटली.

एक गोष्ट कुणी लिहिली नाही, ती भरतीची. हेदवीच्या बामणघळीला (किनाऱ्यावरच्या कातळातली भेग, भरतीला तिच्यातून पाणी उंच उसळतं) आम्ही भर दुपारी दोनला पोचलो. कातळाची कोरडी भेग आणि तळाशी नुसता फेस. बायको म्हणाली, "हे बघायला पाटणपासून वळणं सोसली?" टपरीवाल्या काकांनी पंचांगी हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते. त्या दिवशी एकादशी, म्हणजे सव्वाआठ, सकाळी आणि रात्रीही. दोन म्हणजे ऐन ओहोटी! वेळणेश्वरला मुक्काम टाकला, दुसऱ्या दिवशी नऊला परत गेलो. घळीतून पाणी असं उसळलं की लांब उभे राहूनही चष्मा खारट. कडेला मात्र जाऊ नका, कातळ निसरडा असतो.