मदत हवी आहे: मुलीला काय उत्तर देऊ?

मुलीने विचारलं, “बाबा, माणूस उत्क्रांतीतून आला, तर मग देवाने काय केलं?” मी गप्प झालो. मी देव मानतो, उत्क्रांतीही मानतो. डार्विनची बाजू अमेरिकेत हिरिरीने मांडणारा वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होता. त्यामुळे सृष्टी घडवण्याची देवाची रीत म्हणून उत्क्रांती मला पटते.

अडतं ते दुसरीकडेच. काही गांधीलमाश्या जिवंत सुरवंटाच्या अंगात अंडी घालतात आणि पिल्लं त्याला आतून खात वाढतात. हे वाचल्यापासून मन शांत नाही. डार्विनलाही हेच छळत होतं, १८६० साली त्याने ग्रेलाच तसं पत्र लिहिलं होतं.

दयाळू देव आणि एवढी वेदना, याची सांगड तुम्ही कशी घालता? जीवशास्त्र शिकवणाऱ्या श्रद्धावंतांनी कृपया लिहावं. मुलीला खोटं काही सांगायचं नाहीये.