सिस्टिम हेडरशी नावाची टक्कर झाली, तर माघार कोणी घ्यायची?

यंत्रलेखक:
लिनक्सवर वाढलेला सी कोड सोलारिस किंवा फ्रीबीएसडी अशा दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर न्यायचा म्हटलं की टक्कर ठरलेलीच: सिस्टिमच्या हेडर फाइलींमधले मॅक्रो (कम्पाइल होण्याआधी एका नावाच्या जागी दुसरा मजकूर घालणारे नियम) आपल्या नावांवर आदळतात. बरेच जण हेडर आत घेणाऱ्या इन्क्लूड ओळीच्या खाली मॅक्रो रद्द करणारं '#अनडेफ' ठोकून मोकळे होतात. माझं स्पष्ट मत: ही सवय घातक आहे. आपलं नाव बदला.

'मेजर'चंच बघा. डिव्हाइस नंबर फोडणारा हा मॅक्रो लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या, म्हणजे जीलिबसीच्या, 'सिस/टाइप्स.एच'मधून न मागता आत यायचा. 'आवृत्ती.मेजर = 2' बिनबोभाट कम्पाइल होतं, कारण पुढे कंस दिसल्याशिवाय तो मॅक्रो उलगडतच नाही. पण 'ऑप्स->मेजर(क्ष)' लिहिलंत की कम्पायलर 'जीएनयू_डेव्ह_मेजर' नावाचा मेंबर (स्ट्रक्चरचा घटक) शोधत बसतो. हे नाव तुमच्या कोडमध्ये कुठेच नसतं! 2018 च्या जीलिबसी 2.28 आवृत्तीत तो तिथून निघाला, आता 'सिस/सिसमॅक्रोज.एच' मुद्दाम घ्यावी लागते. सोलारिसवर तोच 'सिस/एमकेडेव्ह.एच'मध्ये.

बिल्डमास्तर:
साफ असहमत. ते नाव लायब्ररीच्या जाहीर हेडरमध्ये असेल तर? फील्डचं नाव बदललं की वापरणाऱ्या प्रत्येकाचा कोड मोडतो. एका प्लॅटफॉर्मपायी बाकीच्यांना शिक्षा का?

इंटेलवरच्या सोलारिसमध्ये 'सिस/रेगसेट.एच' प्रोसेसर रजिस्टरांची नावं सरळ मॅक्रो करून ठेवते: सीएस, डीएस, ईएस, एसएस. तुमच्या ईनममध्ये (आकड्यांना दिलेल्या नावांच्या यादीत) 'ईएस' असेल तर त्या जागी आकडा येतो आणि कम्पायलर अडतो. अशी दोन अक्षरी नावं बळकावणं हा सिस्टिमचाच दोष. तिथे अनडेफच हवं.

यंत्रलेखक:
रजिस्टरांपुरतं मान्य, कारण ते मॅक्रो तुम्हाला वापरायचेच नाहीत. आता 'एसटी_एटाइम' अनडेफ करून बघा. लिनक्सवर त्याचा विस्तार 'एसटी_एटिम.टीव्ही_सेक' असा होतो. फाइलची माहिती ठेवणाऱ्या 'स्टॅट' स्ट्रक्चरमध्ये 'एसटी_एटाइम' हा मेंबरच नाही. मॅक्रो गेला की फाइलची वेळ वाचणारी तुमची ओळच मोडली. शिवाय 'एसटी_' हा उपसर्ग पॉझिक्सने (युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या मानकाने) 'सिस/स्टॅट.एच'साठी राखलेला आहे. आपल्या स्ट्रक्चरला तो लावणारा चुकला, हेडर नाही.

शून्यसूचक:
मुळात ही हेडर सगळ्या कोडभर पसरतातच कशाला? प्रत्येक प्लॅटफॉर्मची एक .सी फाइल ठेवा, सिस्टिम हेडर तिथेच येऊ द्या. फीचर टेस्ट मॅक्रोही (हेडरमधलं काय दिसावं ते ठरवणारे) तिथेच, पहिल्या इन्क्लूडच्या आधी. लिनक्सवरची '_पॉझिक्स_सी_सोर्स' ओळ जशीच्या तशी फ्रीबीएसडीवर नेली की 'यू_इंट'सारखे जुने टाइप लपतात, आणि त्यांवर विसंबलेली सिस्टिमची स्वतःची हेडरही कम्पाइल होत नाहीत. मग लोक पुन्हा हेडरलाच दोष देतात.

बिल्डमास्तर:
वेगळी फाइल पटली. पण जाहीर हेडरला 'ऑफ_टी' (फाइलमधली जागा मोजणारा टाइप) लागलं की 'सिस/टाइप्स.एच' येणारच, ती कुठे लपवणार?

शून्यसूचक:
नका लपवू. मात्र जाहीर हेडरमध्ये अनडेफ अजिबात नको. ज्याला खरोखर डिव्हाइस नंबर हवाय त्याचा मॅक्रो तुम्ही परस्पर उडवता. '(ऑप्स->मेजर)(क्ष)' असं लिहा. नावामागे बंद कंस आला की मॅक्रो उलगडत नाही. नावही बदलायला नको.

यंत्रलेखक:
जुन्या एपीआयला (इतरांचा कोड वापरतो त्या जाहीर नावांना) हे चालेल. नव्या कोडमध्ये मात्र मी पहिल्या दिवसापासून लायब्ररीचा उपसर्गच लावणार.